हेल्सिंगर

हेल्सिंगर : डेन्मार्कमधील ऐतिहासिक बंदर. झीलंड बेटावर, कोपनहेगनच्या उत्तरेस सुमारे ४५ किमी. अंतरावर, ओरेसुंड सामुद्रधुनीच्या सर्वांत चिंचोळ्या भागी ते वसले आहे. समोरचे स्वीडनमधील हेल्सिंगबोर्ग जेमतेम ४ किमी.वर आहे. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधील एल्सिनोर ते हेच, पण गाव घडवले ते जकातीने.

बाल्टिक समुद्रात ये-जा करणाऱ्या बहुतेक जहाजांना ओरेसुंड टाळता येत नसे. हे हेरून डेन्मार्कचा राजा, पोमेरेनियाचा एरिक याने १४२९ च्या सुमारास इथे जकात बसवली आणि धाकासाठी काठावर क्रोगेन किल्ला बांधला. पुढे मालाच्या किमतीवर जकात आकारताना अधिकाऱ्यांनी मोठी नामी युक्ती वापरली. किंमत कप्तानानेच सांगायची, मात्र त्या किमतीला माल विकत घेण्याचा हक्क राजाचा. कमी सांगावी तर माल हातचा जाणार, जास्त सांगावी तर जकात वाढणार! याच पैशातून दुसऱ्या फ्रेडरिकने क्रोगेनच्या जागी क्रोनबोर्ग हा देखणा राजवाडा उभारला (१५७४–८५).

जकात राजाच्या तिजोरीत जाई. गावाचे पोट भरे ते थांबलेल्या जहाजांवर. नांगर टाकून कप्तान कागदपत्रांसह होडीने किनाऱ्यावर येई. जकात भरली तरी वारा अनुकूल होईपर्यंत मुक्काम असे. तेवढ्यात पाणी, पाव, बिअर, दोरखंड यांची खरेदी होई. या व्यवहारापायी डच, जर्मन, स्कॉटिश व्यापारी इथेच स्थायिक झाले. सेंट मेरी चर्चमध्ये जर्मन भाषेत उपासना चाले. संगीतकार बुक्स्टेहूड १६६०–६८ दरम्यान तिथे ऑर्गनवादक होता.

१४९७ ते १८५७ या काळातील जकातीच्या नोंदवह्या हा इथला खरा ठेवा मानावा लागेल. सुरुवातीची काही वर्षे गहाळ असली, तरी कप्तानाचे नाव, त्याचे गाव, माल आणि भरलेली रक्कम असा तपशील त्यांत लाखो फेऱ्यांचा सापडतो. उत्तर युरोपच्या व्यापाराचा इतका सलग पुरावा क्वचितच मिळतो.

१८५७ मध्ये आंतरराष्ट्रीय कराराने जकात उठली. १८८२ मध्ये जहाजबांधणी कारखाना निघाला, तो १९८३ मध्ये बंद पडला. त्याच्या इमारतींत आता सांस्कृतिक केंद्र आहे, तर जुन्या सुक्या गोदीभोवती २०१३ मध्ये सागरी संग्रहालय उघडले. क्रोनबोर्गचे दर्शन अडू नये म्हणून ते जमिनीखाली बांधले, हा निर्णय दाद देण्याजोगा आहे. हेल्सिंगबोर्गची फेरीबोट २० मिनिटांत पोहोचते; २०१८ पासून यांतील दोन बोटी बॅटरीवर चालतात आणि धक्क्याला लागल्या की यांत्रिक हाताने चार्ज होतात.