‘इंडेक्स्ड’ म्हणजे नेमके काय? वैद्यकीय अध्यापकांच्या पेपरमोजणीची पार्श्वभूमी

मेडिकल कॉलेजातल्या अध्यापकाची पदोन्नती जवळ आली की विभागात एकच प्रश्न ऐकू येतो: “जर्नल इंडेक्स्ड आहे ना?” म्हणजे लेखांची नोंद ठेवणाऱ्या एखाद्या मान्य सूचीत (इंडेक्समध्ये) ते जर्नल आहे ना. पेपर कशावर आहे, त्यातून काय हाती लागले, पुढे कुणी त्याचा आधार घेतला का, हे प्रश्न मागून येतात आणि पुष्कळदा येतच नाहीत. गेल्या दहा वर्षांत या एका शब्दाने अनेकांची बढती अडवली आणि कितीतरी पेपर घाईघाईने छापून घ्यायला लावले.

या सूच्या निघाल्या तेव्हा त्यांचा माणसाच्या बढतीशी काही संबंध नव्हता. ‘इंडेक्स मेडिकस’ १८७९ मध्ये अमेरिकेतल्या एका लष्करी वैद्यकीय ग्रंथालयातून सुरू झाली, ती डॉक्टरला हवा तो लेख सापडावा म्हणून. कोणत्या लेखात कोणाचा संदर्भ आला, याची सूची करावी ही कल्पना १९५५ मध्ये मांडली गेली. तिच्यामागेही जुन्या लेखावर नंतर कुणी आक्षेप घेतला का, हे वाचकाला कळावे असाच हेतू होता. १९६४ मध्ये विज्ञानाची अशी सूची नियमित निघू लागली. १९७५ पासून जर्नलांचे इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या लेखांचा सरासरी किती वेळा संदर्भ घेतला गेला याचे आकडे, छापून येऊ लागले आणि कोणत्या जर्नलची वर्गणी भरायची हे ठरवायला ग्रंथपालांना आधार मिळाला. माणसाला थेट आकडा चिकटला तो २००५ मध्ये, एका भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स सुचवला तेव्हा. एच-इंडेक्स दहा म्हणजे निदान दहा पेपर, प्रत्येकाचा निदान दहा वेळा संदर्भ घेतलेला. जर्नलचा आकडा लेखकाच्या गळ्यात अडकवू नका, असे सांगणारे सॅन फ्रान्सिस्कोचे जाहीरनामापत्र २०१३ मध्ये आले. जगभरच्या कितीतरी संस्थांनी त्यावर सह्या केल्या.

आपल्याकडची वाट वेगळी होती. इथे वैद्यकीय अध्यापकाच्या बढतीत सायटेशनला, म्हणजे पेपरचा इतरांनी घेतलेल्या संदर्भाला, स्थानच मिळाले नाही. मोजले गेले ते पेपर. पूर्वी ‘असल्यास उत्तम’ या रकान्यात असलेले शोधनिबंध पुढे सक्तीचे झाले. निबंध इंडेक्स्ड जर्नलमधला हवा असे नियमात होते, पण इंडेक्स्ड म्हणजे कशात नोंदलेले, हे कुठेच लिहिलेले नव्हते. कॉलेजच्या पाहणीला आलेला एक तपासनीस जो पेपर मान्य करी, तोच दुसरा नाकारी. आयएसएसएन क्रमांक मिळाला म्हणजे जर्नल इंडेक्स्ड झाले, असे मनापासून मानणारेही होते. तो क्रमांक फक्त प्रकाशनाची ओळख पटवतो, दर्जाशी त्याचा काहीही संबंध नाही.

हा गोंधळ मिटवण्यासाठी तेव्हाच्या नियामक परिषदेने, म्हणजे भारतीय वैद्यक परिषदेने (एमसीआय), सप्टेंबर २०१५ मध्ये एक खुलासा काढला. सगळा वाद तिथून पेटला.

खुलाशात सूच्यांची नावे दिली होती: स्कोपस, पबमेड, मेडलाइन, एम्बेस, इंडेक्स मेडिकस आणि इंडेक्स कोपर्निकस. सोबत दोन अटी होत्या. ई-जर्नल धरले जाणार नाही, आणि अध्यापकाचे नाव पहिल्या दोन लेखकांत हवे.

यादी नीट वाचली की अडचण लगेच दिसते. इंडेक्स मेडिकसची छापील आवृत्ती २००४ मध्येच बंद झाली होती. म्हणजे अकरा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या सूचीत नोंद असणे हा दर्जाचा पुरावा ठरवला गेला. मेडलाइन आणि पबमेड शेजारी शेजारी मांडले होते, जणू ते सारखेच. मेडलाइनमध्ये जर्नल निवडून घेतले जाते, त्यासाठी तज्ज्ञांची समिती बसते. पबमेड हे शोधायचे दार आहे. त्या दारातून मेडलाइनमधले लेख दिसतात, तसे पबमेड सेंट्रल या पूर्ण लेखांच्या खुल्या संग्रहात ठेवलेलेही दिसतात, आणि हे दुसरे लेख मेडलाइनमध्ये नसलेल्या जर्नलचेही असू शकतात. “माझा पेपर पबमेडला आहे” या वाक्याचे त्यामुळे दोन वेगळे अर्थ होतात. बढतीच्या अर्जात दोन्ही एकाच रकान्यात बसत. इंडेक्स कोपर्निकस ही पोलंडची यादी. तिथे प्रवेश इतका सोपा होता की पैसे घेऊन काहीही छापणारी अनेक जर्नले तिचे नाव मुखपृष्ठावर मिरवत.

ई-जर्नलवरची बंदी मला सर्वांत खटकते. ‘प्लॉस मेडिसिन’ आणि ‘बीएमसी मेडिसिन’ फक्त ऑनलाइन निघतात. तिथे लेख स्वीकारला जाणे भल्याभल्यांना जमत नाही. नियम अक्षरशः वाचला तर तिथला लेख शून्य ठरत होता, आणि चार पानी छापील जर्नलातला लेख, ते कोपर्निकसच्या यादीत असले की, पूर्ण धरला जात होता. देशातल्या अनेक वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांनी २०१६ मध्ये एकत्र येऊन या खुलाशावर टीका करणारा लेख आपापल्या अंकांत छापला. संपादक मंडळी असे क्वचितच करतात.

परिषदेची बाजूही समजून घ्यायला हवी. त्या वर्षांत प्रिडेटरी, म्हणजे पैसे घेऊन न तपासता लेख छापणाऱ्या, जर्नलांचा सुळसुळाट झाला होता. एका मोजणीनुसार अशा जर्नलांमधले लेख २०१० मध्ये सुमारे ५३ हजार होते, ते २०१४ पर्यंत ४ लाख २० हजारांवर गेले. २०१७ मध्ये जैववैद्यकातले असे सुमारे १,९०० लेख तपासले गेले, त्यात २७ टक्के लेखांचे संपर्क-लेखक (लेखाबद्दलचा पत्रव्यवहार ज्यांच्या नावे होतो ते) भारतातले निघाले. अशी बहुतेक दुकाने ऑनलाइन चालत होती, म्हणून ऑनलाइनच बंद करावे असे कुणाला वाटले असेल. रोग ओळखला होता, पण औषध भलत्याच अवयवाला दिले.

पुढचा बदल फेब्रुवारी २०२० मध्ये आला. कोपर्निकस आणि इंडेक्स मेडिकस गेले. पबमेड सेंट्रल, सायन्स सायटेशन इंडेक्स आणि खुल्या जर्नलांची निर्देशिका यादीत आली. ई-जर्नलवरची बंदी उरली नाही. मूळ संशोधनाबरोबर मेटा-ॲनालिसिस (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून केलेले विश्लेषण), सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरच्या सगळ्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा) आणि केस सीरिज (सारख्या रुग्णांच्या नोंदींचा संच) ग्राह्य झाल्या. लेखक पहिल्या तिघांत किंवा संपर्क-लेखक असला तरी चालणार होते. पण या मजकुरात ‘एक्स्पांडेड एम्बेस’ असे एक नाव छापले गेले. अशी सूचीच नाही. आहे ती ‘सायन्स सायटेशन इंडेक्स एक्स्पांडेड’, आणि एम्बेस वेगळी. एक स्वल्पविराम एका शब्दाआधी पडला आणि ‘एक्स्पांडेड’ शेजारच्या घरी गेला. ज्या कागदावर माणसाची दहा वर्षांची नोकरी तोलली जाते, तो काढण्याआधी सूच्यांशी परिचय असलेल्या एखाद्या ग्रंथपालाला दाखवायला हवा होता.

दोन नियमांतला फरक एका अर्जावर बघू. समजा, एका सहयोगी प्राध्यापिकेचे पाच मूळ संशोधनाचे पेपर आहेत. पहिला मेडलाइनमधल्या छापील जर्नलात, नाव दुसरे. दुसरा स्कोपसमध्ये नोंदलेल्या छापील जर्नलात, नाव तिसरे. तिसरा फक्त ऑनलाइन, पबमेड सेंट्रलवर, नाव पहिले. चौथा छापील, पण जर्नल केवळ कोपर्निकसच्या यादीत, नाव पहिले. पाचवा अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीचा, मेडलाइनमध्ये, नाव नववे. त्याला दीडशे सायटेशन्स. २०१५ च्या खुलाशाने पहिला आणि चौथा मोजला जाईल, म्हणजे दोन. २०२० च्या नियमाने पहिला, दुसरा आणि तिसरा, म्हणजे तीन. पाचवा दोन्हीकडे शून्य. जो चौथा पेपर २०१५ मध्ये तिला तारत होता, तो पाच वर्षांनी नाहीसा झाला, आणि जगाने खरोखर वाचलेला पाचवा एकदाही मोजला गेला नाही.

वैद्यकात लेखकांचा क्रम हीच एक भाषा आहे. पहिले नाव काम करणाऱ्याचे, शेवटचे काम उभे करणाऱ्याचे. एमडी-एमएसच्या थीसिसमधून निघणाऱ्या पेपरात पहिले नाव निवासी डॉक्टरचे असावे आणि शेवटचे गाइडचे, हा न्यायाचा क्रम. पहिल्या दोघांच्या अटीने शेवटच्या जागेची किंमत शून्य केली. गाइड दुसऱ्या जागी सरकले, सहगाइडला जागा उरली नाही, आणि काही वेळा पहिले नावही विद्यार्थ्याचे राहिले नाही. संपर्क-लेखकाची सवलत आल्यावर ताण थोडा सैल झाला. तरी संपर्काचा ई-मेल कुणाचा द्यायचा, यावरून होणारी भांडणे अजून संपलेली नाहीत.

सक्ती कुणावर होती, हेही पाहायला हवे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांची २००५ ते २०१४ या दहा वर्षांतली स्कोपसमधली नोंद तपासली. ३३२ संस्थांच्या नावावर एकही पेपर नव्हता. २५ संस्थांकडून एकूण पेपरांपैकी ४०.३ टक्के आले होते. त्या ३३२ कॉलेजांतला अध्यापक दिवसभर ओपीडी बघतो, वॉर्ड बघतो, शिकवतो. त्याच्याकडे संख्याशास्त्रज्ञ नाही, निधी नाही, बहुतेक वेळा जर्नलची वर्गणीही नाही. त्याला “पेपर आण” म्हटल्यावर तो विकत मिळेल तिथून आणणार, हे कळायला आकडेवारीची गरज नव्हती.

सायटेशन आपल्याकडे आले ते मागच्या दाराने. २०१९ मध्ये एका अमेरिकी विद्यापीठातल्या संशोधकांनी जगभरच्या एक लाख शास्त्रज्ञांची क्रमवारी खुली केली. २०२० पासून तिला ‘अव्वल दोन टक्के’ हे नाव चिकटले आणि दर वर्षी कॉलेजांच्या दारावर अभिनंदनाचे फलक लागू लागले. ही क्रमवारी स्कोपसच्या सायटेशन्सवर सहा निकषांतून बनते. त्यांत एच-इंडेक्स आहे, सहलेखकांच्या संख्येने सुधारलेला एच-इंडेक्स आहे आणि लेखकाच्या जागेनुसार सायटेशन्सही आहेत: एकट्याचा लेख, पहिले नाव, शेवटचे नाव. दुसऱ्या-तिसऱ्या जागेला तिथे वेगळे वजन नाही. पदोन्नतीसाठी गाइडने जी शेवटची जागा सोडून दिली, तिलाच फलकावरच्या क्रमवारीत मान आहे. आता पेपरमोजणीचा आणि या क्रमवारीचा, असे दोन्ही कागद एकाच फाइलला जोडले जातात.