वीरगळ (कोल्हापूर परिसर)

लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड. कोल्हापूर जिल्ह्यात हे दगड गावाच्या वेशीवर, शिवेवर, बहुधा महादेवाच्या देवळाच्या आवारात आढळतात. ही थडगी नव्हेत. वीराचे दहन होत असे आणि दगडाखाली सहसा काही पुरलेले नसते.

या भागातील बरेच वीरगळ शिलाहार-यादव काळातले मानले जातात. १२१२ च्या सुमारास यादव सिंघणाने शिलाहार राजा दुसरा भोज याचा पराभव केला. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात सिंघणाचा शके ११३६ चा दानलेख आहे. अशा लेखांत राजे असतात, दाने असतात. ज्यांच्या जिवावर ही राज्ये उभी राहिली आणि पडली, ती माणसे मात्र वीरगळांवरच भेटतात. म्हणून गावाच्या इतिहासासाठी या दगडांचे मोल ताम्रपटाइतकेच मानले पाहिजे.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई असते: ढाल-तलवार घेतलेला वीर, समोर शत्रू, कधी घोडेस्वार, पायाशी आडवा पडलेला देह. तिथे गाई कोरलेल्या असतील तर गावचे गोधन वाचवताना त्याला मरण आले असे समजावे. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. सर्वात वर तोच माणूस शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला दिसतो. हातात शस्त्र नाही, शेजारी पूजा करणारा पुजारी. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य असतात, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहो. शेजारच्या दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा होय.

करवीर तालुक्यातील कसबा बीड हे गाव वीरगळांसाठी विशेष प्रसिद्ध आहे. एकाच गावात इतके दगड पाहिले की इथल्या माणसांनी काय सोसले असेल याचा अंदाज येतो. (याच गावच्या मातीत सोन्याची जुनी नाणीही सापडतात, आणि बातमी बहुतेक वेळा त्यांचीच होते.)

बहुसंख्य वीरगळांवर लेख नाही. त्यामुळे नाव गेले, घराणे गेले; उरला तो देव. कुठे शेंदूर फासून त्याचा म्हसोबा झाला, तर कुठे तो पायरीला किंवा धुण्याच्या दगडाला लागला.

पुढच्या काळातही नावांची हीच गत झालेली दिसते. गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी येथे २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनौबत प्रतापराव गुजर बहलोलखानाच्या फौजेशी लढताना पडले. तिथे आज सात वीरांचे स्मारक आहे. पण खात्रीने सांगता येते ते एका प्रतापरावांचेच नाव. बाकी सहा नावे परंपरेने चालत आली असून त्यांवर अभ्यासकांचे एकमत नाही.

जीर्णोद्धाराच्या उत्साहात वीरगळांना ऑइलपेंट लावणे, ते सिमेंटमध्ये बसवणे किंवा घासून गुळगुळीत करणे यामुळे शिल्पाची न भरून येणारी हानी होते. स्वच्छतेला साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. दगड शक्यतो जागचा हलवू नये, कारण तो वेशीवर होता की शिवेवर, यावरूनही लढाईचा माग लागतो. हलवावाच लागला तर मूळ जागा आणि दर्शनी बाजूची दिशा लिहून ठेवावी, चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे.