सामूहिक फळवृक्ष लागवड

सामूहिक फळवृक्ष लागवड : गावाने किंवा वस्तीने सामाईक वा पडीक जमिनीवर मिळून फळझाडे लावणे, ती जगवणे आणि फळ वाटून घेणे. पोटाला अन्न आणि उजाड जमिनीवर झाडोरा असा तिचा दुहेरी हेतू असतो.

तिला वनीकरण म्हणावे का, यावर एकमत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येनुसार ०.५ हेक्टरपेक्षा जास्त क्षेत्र, ५ मीटरहून उंच वाढणारी झाडे आणि झाडांच्या पानोऱ्याचे १० टक्क्यांहून अधिक छत्र असलेली जमीन वन ठरते. मात्र फळबागा आणि झाडांखाली पिके घेतली जाणारी वनशेती यांना त्यातून वगळले आहे. परिणामी माती धरून ठेवणारी दाट मिश्र राईसुद्धा कागदोपत्री शेतीतच मोजली जाऊ शकते. ही व्याख्या जमिनीच्या वापराची मोजदाद करण्यासाठी आहे, परिसंस्थेची पारख करण्यासाठी नव्हे, हे वादात बहुधा विसरले जाते. अर्थात एकाच वाणाची कलमे ओळीने लावून त्यांना ‘वन’ म्हणणेही पटण्याजोगे नाही.

प्रथेच्या प्राचीनत्वाबद्दलचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. ॲमेझॉन खोऱ्यात माणसाने कमीअधिक प्रमाणात माणसाळवलेल्या ८५ वृक्षजाती पुरातत्त्वीय स्थळांच्या आसपास अधिक आढळतात, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. त्यावरून तेथील जंगल हे काही अंशी प्राचीन वस्त्यांनी घडवलेले मानले जाते. उपयुक्त झाडे होती म्हणूनच माणसे तेथे वसली असतील, शिवाय नोंदी नदीकाठच्याच जास्त आहेत, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. तरी पीच पाम या ताडवर्गीय झाडाचे फळ रानटी जातीच्या फळाहून कितीतरी पट मोठे आहे, आणि हे माणसाच्या निवडीशिवाय समजावून सांगणे कठीण. तेव्हा जंगल काही अंशी माणसाने घडवले हा पहिला पक्ष, त्याचा विस्तार आटोक्यात ठेवून, ग्राह्य वाटतो. पूर्व आफ्रिकेतील किलिमांजारो पर्वताच्या उतारांवरील चाग्गा लोकांच्या आणि जावा बेटावरील परसबागा हे याच परंपरेचे जवळचे नातेवाईक. मात्र त्या मुख्यतः कौटुंबिक आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये रॉबर्ट हार्ट यांनी उंच झाडांपासून वेली व कंदांपर्यंत सात थरांची ‘वन-बाग’ मांडली; केरळातील परसबागांचा त्यांच्यावर प्रभाव होता.

लागवडीतला कळीचा प्रश्न बी की कलम हा असतो. बियांपासूनचे झाड मातृवृक्षासारखेच फळ देईल याची खात्री नसते आणि ते उशिरा फळते. पण त्याचे सोटमूळ खोल जाते व रोपे फुकट मिळतात. बहुभ्रूणी आंब्यांत व बऱ्याच लिंबूवर्गीयांत एका बीतून अनेक रोपे उगवतात आणि त्यांतली बरीच मातृवृक्षासारखी निघतात, हा मोठा अपवाद. बिनबियांच्या नीरफणसाची रोपे तर बियांपासून मिळतच नाहीत; ती मुळांवरचे फुटवे, मुळांचे तुकडे, गुटी कलम किंवा ऊतिसंवर्धन (प्रयोगशाळेत झाडाच्या ऊतीपासून रोपे वाढवणे) यांनी तयार करतात. कलम लवकर फळते, पण सांध्याखालून खुंटाला, म्हणजे ज्यावर वाण बांधला त्या खालच्या रोपाला, आलेला फुटवा वेळीच खुडला नाही, तर तोच जोम धरतो आणि वरचा वाण हळूहळू मागे पडतो. सामाईक बागेत हे नेमके घडते. ‘कोणीतरी काढेल’ म्हणून कोणीच काढत नाही.

अन्नसुरक्षेच्या दृष्टीने एकूण उत्पन्नापेक्षा बहाराचे वेळापत्रक महत्त्वाचे. केनियात जागतिक कृषिवनशास्त्र केंद्राने वर्षाच्या प्रत्येक महिन्यात निदान एक तरी फळ मिळेल, विशेषतः धान्य संपत आलेल्या काळात, अशा रीतीने जातींची सांगड घालण्याची पद्धत आखली आहे. फळांतून जीवनसत्त्वे मिळतात. पिष्टमय आहाराची जागा मात्र नीरफणसासारखी मोजकीच फळे घेऊ शकतात.

हक्कांचा प्रश्न गुरांपासूनच्या राखणीइतकाच निकडीचा. आफ्रिकेच्या काही भागांत झाड लावणे म्हणजे जमिनीवर दावा सांगणे समजले जाते, म्हणून स्त्रियांना व बाहेरून आलेल्यांना ते करू दिले जात नाही. अशा ठिकाणी जमीन कोणाची, झाड कोणाचे आणि फळ कोणाचे हे तिन्ही करार वेगवेगळे करावे लागतात.