कार्ले लेणी

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, लोणावळ्यापासून दहा-अकरा किमीवर, वेहेरगावच्या डोंगरात कोरलेला बौद्ध लेण्यांचा समूह. एकूण १६ लेणी, त्यातलं ८ नंबरचं म्हणजे मोठं चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन), बाकीचे बहुतेक विहार, म्हणजे भिक्षूंच्या राहायच्या जागा. शिलालेखांत या जागेला वलुरक म्हटलंय. लेण्याच्या अगदी तोंडाशी एकवीरा आईचं देऊळ आहे, कोळी, आगरी, सीकेपी अशा कितीतरी घरांची ती कुलदेवता, त्यामुळे चैत्रातल्या यात्रेला आणि नवरात्रात डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते. देवीचा विषय मोठा आहे, इथे फक्त लेण्यांबद्दल.

चैत्यगृह

फर्ग्युसन आणि बर्जेस या एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांच्या काळापासून मापं तीच छापली जातात: लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी ४५ फुटांच्या आसपास आणि उंचीही जवळपास तेवढीच. देशातल्या कोरीव चैत्यगृहांत सगळ्यात मोठं हेच. आत ३७ खांब, दोन्ही बाजूंना १५-१५ आणि स्तूपामागच्या अर्धगोलात ७. मागचे ७ साधे अष्टकोनी आहेत, ना खाली बैठक ना वर शीर्ष. बाजूच्या बहुतेक खांबांना मात्र खाली पायऱ्यांच्या चौथऱ्यावर मोठा घट, त्यातून वर गेलेला अष्टकोनी खांब, वर उलट्या कमळासारखी घंटा आणि त्याच्याही वर गुडघे टेकून बसलेले दोन हत्ती, प्रत्येकावर जोडी बसलेली, बहुतेक ठिकाणी स्त्री-पुरुष, काही ठिकाणी दोन स्त्रिया. लोक मधल्या दालनातून सरळ स्तूपापर्यंत जातात आणि तसेच मागे फिरतात, पण खांब आणि भिंतीमधल्या अरुंद वाटेत शिरून वर बघा, तिकडच्या बाजूला हत्तींऐवजी घोडे आहेत. शिल्पी तिकडे कुठेही घाईत दिसत नाही, अंधारातली बाजू म्हणून काम उरकलेलं नाही.

छताला लाकडी फासळ्या आहेत, सागवानी, आणि बहुतेक अभ्यासक त्या मूळच्याच मानतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची सुतारकी आजही डोक्यावर उभी आहे, हे तिथे गेल्यावर पटकन लक्षात येत नाही. छत डोंगराचंच असल्याने त्याला या फासळ्यांचा काहीच आधार लागत नाही, त्या लाकडी बांधकामाच्या सवयीने आल्या आहेत. स्तूपावरची छत्रीही लाकडाचीच.

बाहेर डाव्या हाताला सिंहस्तंभ आहे, १६ बाजूंचा, माथ्यावर पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह. उजवीकडेही तसाच स्तंभ असावा आणि देवळाची जागा तीच असावी असा अंदाज आहे. ओसरीच्या दोन्ही टोकांना हत्तींचे पुढचे अर्धे भाग भिंतीतून बाहेर आलेले दिसतात, त्यांना वेगळे सुळे बसवायला भोकं ठेवली आहेत.

काळ

इथे मतभेद बरेच आहेत आणि ते समजून घ्यायला हवेत, कारण सातवाहनांचा सगळा कालक्रमच चैत्याच्या दर्शनी भिंतीवरच्या लेखांना येऊन चिकटतो. जुन्या अभ्यासकांनी, फर्ग्युसन धरून, हे चैत्यगृह इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात टाकलं होतं. नंतर अक्षरांचं वळण आणि शिल्पशैली बघून ते पुढच्या काळात आणलं गेलं आणि आता साधारण इ. स. ५० ते ७० हा काळ जास्त वेळा दिला जातो. कला-इतिहासकार विद्या देहेजिया यांची मांडणीही याच्या आसपासची आहे.

गाठ आहे ती नहपानाची. क्षत्रप म्हणजे शक राजा नहपान, त्याचा जावई उषवदात याचा लेख चैत्याच्या दर्शनी भिंतीवर आहे, त्यात वलुरकच्या लेण्यांत राहणाऱ्या, चारी दिशांकडून आलेल्या भिक्षूंच्या वर्षावासासाठी (पावसाळ्यातल्या मुक्कामासाठी) करजिक गाव दान दिल्याचं सांगितलंय. लेख तयार भिंतीवर कोरलाय म्हणजे दर्शनी भाग त्याच्या आधी पुरा झाला होता, निदान बराचसा. मग नहपान कधीचा? नाशिकच्या लेखांत ४१, ४२, ४५ ही वर्षं येतात आणि जुन्नरला त्याचा अमात्य अयम याच्या लेखात ४६. ही शक संवताची मानली तर ४६ म्हणजे इ. स. १२४, आणि मग कार्ल्याचं काम पुरं होण्याची शेवटची मर्यादा बरीच पुढे सरकते. ही त्याच्या स्वतःच्या राज्याची वर्षं मानली तर तो पहिल्या शतकाच्या मध्यावर येतो, आणि पेरिप्लस या जुन्या ग्रीक सागरी वर्णनातला ‘मंबनस’ म्हणजे नहपान हे जुळवणंही सोपं जातं. अलीकडे नाण्यांच्या अभ्यासकांचा कल दुसऱ्या बाजूला जास्त आहे आणि कार्ल्याच्या शिल्पांकडे बघता तेच जास्त बसतं असं वाटतं.

नहपानाचा पाडाव गौतमीपुत्र सातकर्णीने केला याबद्दल मात्र वाद नाही. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ साली सापडलेल्या साठ्यात नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी होती आणि त्यातल्या ९ हजारांहून जास्तींवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारला होता. कार्ल्यातही हा सत्ताबदल दिसतो: त्याच दर्शनी भिंतीवर १८ व्या राज्यवर्षाची एक आज्ञा आहे, मामाल म्हणजे आजच्या मावळच्या अमात्याला, की करजक (वरचंच करजिक) गाव वलुरकच्या महासांघिक या बौद्ध पंथाच्या भिक्षूंना दिलंय. राजाचं नाव झिजलंय पण बहुतेक जण तो गौतमीपुत्रच धरतात. राजा बदलला, गाव भिक्षूंकडेच राहिलं.

अजून एक धागा म्हणजे एका खांबाचा दाता ‘उसभदताचा मुलगा मितदेवणक’. हा उसभदत म्हणजे नहपानाचा जावईच असं काहींनी म्हटलंय, तसं असेल तर खांब क्षत्रपांच्या काळात कोरले जात होते असं होईल. पण हा दाता स्वतःला धेनुकाकटचा सांगतो, बापाला राजपद किंवा पदवी लावत नाही, आणि हे नाव त्या काळी काही दुर्मिळ नव्हतं, त्यामुळे नुसत्या नावावर एवढा भार टाकणं धोक्याचंच.

दाते

कार्ल्याचं खरं वैभव इथे आहे. हे कुणा एका राजाने बांधलेलं नाही, खांबाखांबावर वेगवेगळी नावं आहेत. ओसरीतला एक लेख सांगतो की वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केलं आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे. वैजयंती म्हणजे कर्नाटकातलं बनवासी असं सर्वसाधारण मानतात. सिंहस्तंभ महारठी पदवीच्या अग्निमित्रणकाचा. एक दार गंधिक म्हणजे अत्तर-सुगंधी विकणाऱ्या सिंहदत्ताचं दान, दुसऱ्या दाराशी वेणुवासाचा मुलगा सामी या सुताराचं नाव. भिंतीवरचं एक मिथुन, म्हणजे प्रेमी जोडपं, भदसम नावाच्या भिक्षूने दिलंय, आणि बौद्ध लेण्यात अशी जोडपी कशी काय असं विचारणाऱ्यांनी हा लेख आधी वाचावा. सोपाऱ्याचा, धर्मोत्तरीय पंथाचा भाणक (धर्मग्रंथ म्हणणारा) सतिमित याने दिलेला खांब ‘सशरीर’ म्हणजे अवशेषांसह असल्याचं लेखात आहे, आणि खांबावर कोरलेल्या कमळाच्या मधोमध छोटी खोबण आहे.

बरेच दाते धेनुकाकटचे आणि त्यातले कितीतरी यवन, पण नावं बघितली तर सिहधय, धम, यसवधन, म्हणजे पक्की इथली. ते ग्रीक वंशाचे की नुसते परदेशी व्यापारी यावर एकमत नाही. धेनुकाकट कुठे हा प्रश्नही तसाच चिघळलेला. आंध्रातल्या अमरावतीजवळचं धरणीकोट, कोकणातलं डहाणू अशी नावं सुचवली गेली, दा. ध. कोसंबींनी ते कार्ल्याच्या जवळपासच शोधलं. एवढे दाते एकाच गावचे, त्यात दार बनवणारा सुतारही तिथलाच, हे बघता गाव आंध्रात असण्यापेक्षा बोरघाटाच्या व्यापारी वाटेवर असणं जास्त पटतं. कल्याण-सोपाऱ्याहून माल घाट चढून पैठण-तेरकडे जायचा, कार्ले-भाजे-बेडसे ही तिन्ही लेणी त्याच वाटेच्या आजूबाजूला आहेत.

विहार आणि नंतरची भर

काही विहार दुमजली-तिमजली आहेत, काही पडझड झालेले. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या २४ व्या वर्षी अबुलामाच्या हरफरणाने नऊ खोल्यांचा मंडप महासांघिकांना दिल्याचा लेख आहे. दर्शनी भिंतीवरच्या बुद्धमूर्ती बऱ्याच नंतरच्या, साधारण पाचव्या-सहाव्या शतकातल्या, जुन्या शिल्पांच्या मधल्या जागेत आणि काही ठिकाणी जुनं काम तासून बसवलेल्या. कान्हेरीचं मोठं चैत्यगृह कार्ल्याच्याच नमुन्यावर आहे पण काम तेवढं सफाईदार नाही.

बघायला जाताना

लोकलने मळवली स्टेशनला उतरून रिक्षाने पायथ्याशी जाता येतं, तिथून साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना हार-नारळाची दुकानं. लेणं पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिकीट काढावं लागतं. रविवार, मंगळवार आणि यात्रेचे दिवस टाळलेले बरे. तोंड पश्चिमेकडे असल्याने दुपारनंतर मोठ्या कमानीतून उजेड आत येतो आणि खांबांवरचे लेख तिरप्या प्रकाशात जास्त नीट दिसतात, मोबाईलचा टॉर्च बाजूने धरला तरी चालतं, पण अक्षरांवर खडू, पाणी, बोट काहीही लावू नका, आधीच बरीच अक्षरं गेली आहेत. मळवलीच्या दुसऱ्या अंगाला भाजे, ते कार्ल्यापेक्षा जुनं आहे आणि त्याचे खांब आतल्या बाजूला कललेले आहेत, कार्ले बघून लगेच तिकडे गेलं तर लाकडी बांधकामाची नक्कल दगडात कशी हळूहळू सुटत गेली ते डोळ्यांनी कळतं. दोन्ही एका दिवसात होतात. बेडश्याला मात्र वेगळा दिवस ठेवा.