वणव्याचा धूर आणि शेतातली टोळी

कॅलिफोर्नियात द्राक्षतोडणी आणि वणवे यांचा हंगाम एकच, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर. आग कित्येक किलोमीटर लांब असली तरी धूर मळ्यात उतरतो. त्यातले बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात आणि थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतात. बसलेला माणूस मिनिटाला सात-आठ लिटर हवा घेतो. अंगमेहनतीत तीच चाळीसच्या वर जाते. म्हणून त्याच धुराचा सर्वांत जास्त भार राबणाऱ्यावर पडतो.

तिथे 2019 पासून नियम आहे. पीएम 2.5 म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. त्यांचा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, 151 झाला की मालकाने आधी मजुरांच्या टोळीला गाळलेल्या हवेच्या बंद जागेत न्यायचं. ते जमत नसेल तर कामाची जागा किंवा वेळ बदलायची, वेग कमी करायचा, विश्रांती वाढवायची. तेवढ्यानेही भागलं नाही तर बारीक कण गाळणारे एन95 मास्क फुकट पुरवायचे. एक्यूआय 500 च्या वर गेला की ते सक्तीचे. मास्क शेवटी येतो, हे फार योग्य आहे.

हा 151 म्हणजे घनमीटरला 55.5 मायक्रोग्रॅम. आपल्या भारतीय एक्यूआयमध्ये 60 मायक्रोग्रॅमपर्यंतची हवा 'समाधानकारक' गणली जाते! तेव्हा सह्याद्रीत जाळरेषा (वणवा अडवायला गवत जाळून मोकळा केलेला पट्टा) काढणाऱ्या मजुरांच्या मुकादमाने एक्यूआयच्या ॲपवरचा रंग पाहू नये, पीएम 2.5 चा मायक्रोग्रॅममधला आकडा पाहावा. नाकावर तर मुळीच विसंबू नये. थोड्या वेळात ते धुराला सरावतं.

खरी पंचाईत वेळेची. उन्हामुळे काम पहाटे सुरू करतात, पण रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन वर गरम हवेचं झाकण बसतं आणि धूर दरीत साचून राहतो. ऊन तापल्यावर तो उचलला जातो. पण वाऱ्याची दिशा फिरली तर दुपारीही दाटतो. म्हणून दर तासाला मोजावं. स्वस्त सेन्सर लाकडाच्या धुरात बरेचदा जास्त आकडा दाखवतात, तेव्हा धुरासाठी दुरुस्त केलेला आकडा घ्यावा.

ओला रुमाल हे कण अडवत नाही. एन95 चा वरचा पट्टा डोक्याच्या मागे वरच्या बाजूला, खालचा कानांखालून मानेवर घ्यायचा. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबायची. मग मास्कवर हात ठेवून जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांकडे हवा आली तर तो नीट बसलेला नाही. दाढी असेल तर कडेने फट राहतेच. जेवताना-पाणी पिताना मास्क निघतो, म्हणून विश्रांती धुरात नको. काचा बंद आणि आतलीच हवा फिरवणारा एसी चालू असलेली गाडी बरी.

कार्बन मोनॉक्साइड मात्र एन95 मधून सरळ आत जातो. धुमसत्या ओंडक्यांजवळ डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर उन्हाचा त्रास समजून नुसतं पाणी पाजू नका. आधी माणसाला मोकळ्या हवेत न्या. गोंधळल्यासारखं बोलत असेल तर थेट दवाखान्यात.

आग जवळ असेल तर गाड्या रस्त्याकडे तोंड करून लावाव्यात, बाहेर पडायच्या दोन वाटा सकाळीच सगळ्यांना दाखवाव्यात. चढाच्या दिशेने पळायची वाट धरू नये. उतारावर आग वरच्या अंगाला वेगाने धावते. निघताना डोकी मोजावीत.