गाठ चमकली म्हणजे कॅन्सर? खुलासा

‘कॉन्ट्रास्ट दिल्यावर मेंदूतली गाठ चमकली तर कॅन्सर, नाही चमकली तर साधी.’ एमआरआयचा रिपोर्ट हातात पडला की नातेवाइकांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते चूक आहे आणि त्याचा दुसरा भाग तर धोकादायक आहे.

कॉन्ट्रास्ट म्हणजे एमआरआयच्या वेळी शिरेतून देतात ते औषध. त्यातलं गॅडोलिनियम हे द्रव्य एवढंच दाखवतं की त्या जागी रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर सैल आहे किंवा मुळातच नाही. मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणातली गाठ) लख्ख चमकतो, पण बहुतेक वेळा तो कॅन्सर नसतो. क्षयाची गाठही चमकते. आपल्याकडे ही शक्यता डॉक्टरांना कायम लक्षात ठेवावी लागते. उलट, काही घातक ग्लायोमा (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींच्या गाठी) अजिबात चमकत नाहीत.

म्हणूनच एमआरआयच्याच पुढच्या तपासण्या करतात. परफ्यूजनमध्ये गाठीतला रक्तपुरवठा दिसतो. डिफ्यूजनमध्ये पाण्याच्या रेणूंची हालचाल कळते. पू भरलेल्या गळवात ती बहुधा अडखळते, त्यामुळे गळू आणि आतल्या पेशी मेलेली ट्यूमरची गाठ वेगळी ओळखायला मोठी मदत होते. स्पेक्ट्रोस्कोपी गाठीतली रसायनं मोजते: कोलीन (पेशींच्या आवरणाशी निगडित रसायन) वाढलेलं आणि एनएए (निरोगी चेतापेशींतलं रसायन) घटलेलं असेल तर ग्लायोमाचा संशय बळावतो.

तरीही हा संशयच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या वर्गीकरणात ग्लायोमाचा प्रकार ठरवताना आयडीएच या जनुकातल्या बदलासारखे जनुकीय बदल पाहावे लागतात आणि त्यासाठी सहसा गाठीचा तुकडा लागतो. डॉक्टरांनी बायोप्सी सुचवली तर ‘एवढा महागडा एमआरआय केला, आता कशाला?’ म्हणून ती कृपया टाळू नका.