गोळीतलं कॅफीन शोधताना

डोकेदुखीवरच्या काही गोळ्यांत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलबरोबर ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं. वेष्टनावर छापलेले हे आकडे खरे आहेत का, ते पाहायची स्वस्त रीत म्हणजे गोळी विरघळवून, गाळून त्या द्रावणातून अतिनील प्रकाश सोडायचा आणि कोणत्या तरंगलांबीला किती शोषला गेला ते मोजायचं. पाण्यात पॅरासिटामॉल सर्वाधिक शोषतं २४३ नॅनोमीटरच्या आसपास, कॅफीन २७३ला. शोषणाच्या आलेखात, म्हणजे वर्णपटात, शिखरं वेगळी, पण उतार एकमेकांत घुसलेले. त्यात पॅरासिटामॉल जवळजवळ आठपट, त्यामुळे त्याच्या उतारावर कॅफीनचं टेकाड दिसेनासंच होतं.

विरल द्रावणात शोषणांची सरळ बेरीज होते, हा बीअर-लॅम्बर्ट नियम. मग दोन अज्ञात, दोन समीकरणं, शाळेतलंच गणित की! अडतं कुठे, ते भाजीच्या बिलांवरून कळेल. एका बिलात २ किलो कांदे, १ किलो बटाटे. दुसऱ्यात ४ किलो कांदे, २ किलो १०० ग्रॅम बटाटे. भाव काढता येतात, पण दुसऱ्या बिलाच्या बेरजेत १ रुपया चुकला तर बटाट्याच्या भावात १० रुपयांचा घोळ होतो. बिलं फारच सारखी आहेत. वर्णपट सारखे असले की मोजमापातली बारीक चूकही अशीच फुगते.

म्हणून दोनाऐवजी शेकडो तरंगलांबींवर मोजतात. पण शेजारच्या तरंगलांबी बहुतेक तेच ते सांगतात. त्यांतून मोजके आकृतिबंध गाळून काढायची युक्ती संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने १९०१मध्येच दिली होती. पुढे हर्मन वोल्ड आणि त्याचा मुलगा स्वांते यांच्या 'पार्शल लीस्ट स्क्वेअर्स' पद्धतीत घटकाच्या प्रमाणाशी नातं असलेलेच आकृतिबंध निवडले जाऊ लागले. रसायनशास्त्रातल्या या सांख्यिकीला केमोमेट्रिक्स म्हणतात.

तिला आधी शिकवावं लागतं, प्रमाण माहीत असलेली वीस-पंचवीस मिश्रणं दाखवून. खरी मेख इथेच आहे. प्रत्येक मिश्रणात पॅरासिटामॉलबरोबर कॅफीनही वाढवत नेलं, तर गणित कॅफीन न बघताच, पॅरासिटामॉलवरून त्याचा अंदाज ठोकतं आणि उत्तरं छान जुळतात! दोन्ही प्रमाणं स्वतंत्रपणे बदलायला हवीत, आणि काही मिश्रणं परीक्षेसाठी बाजूला ठेवायला हवीत.

शिवाय गोळीत भलताच पदार्थ, समजा ॲस्पिरिन, निघाला तरी गणित त्याचं शोषण या दोघांत वाटून बेधडक आकडे देतं. नमुना ओळखीच्यांपासून किती दूर आहे हे तपासायला एक माप वापरतात, ते संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचं, १९३६चं. कोलकात्यात माणसांच्या शरीरमापांची तुलना करताना त्यांना ते सुचलं होतं. हे अंतर फार भरलं, तर आकडा बाजूला ठेवून ती गोळी घटक आधी वेगळे करणाऱ्या एचपीएलसी यंत्राकडे पाठवायची.